चाळीस मुखवटे

व्हिडिओ सव्वाअकरा मिनिटांचा होता आणि सहाव्या मिनिटाला त्यात माझं अक्षर आलं. अक्षर तरी कसलं, नुसत्या रेघा. चार उभ्या आणि त्यांना छेदणारी एक आडवी, असे आठ गठ्ठे, आणि खाली ‘एकूण ४०’. शून्याच्या पोटात ठिपका. तो ठिपका मी अजून देते. धाराशिवच्या कोर्टात कागदांच्या नकला देण्याच्या टेबलावर माझी एकतीस वर्षं गेली. शिक्क्यावरचं उस्मानाबाद जाऊन धाराशिव आलं, पण शून्य मोकळं सोडायचं नाही ही माझी सवय गेली नाही. मोकळ्या शून्यात कुणीही काहीही भरू शकतं. तर तो ठिपका रविवारी दुपारी तीन वाजता माझ्या लेकीच्या फोनवर बोराएवढा होऊन माझ्याकडं बघत होता, आणि कुणीतरी मिसरूड न फुटलेला मुलगा आवाज खोल करून सांगत होता, की हा कागद अस्सल आहे, निर्मात्याच्या जुन्या फायलीत सापडलेला आहे, आणि हा अस्सल कागद खोटं बोलतो आहे.

‘आई, तुझ्या परंड्याचं आहे बघ,’ एवढं म्हणून मैथिली फोन माझ्या हातात देऊन गच्चीवर वाळवण उलटायला गेली होती. वर तिच्या चपला वाजत होत्या. आत अण्णांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. अण्णा म्हणजे माझे वडील, नारायणराव, परंड्याला शाळेत मास्तर होते. आता शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि आई गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, माझ्याकडं आहेत. त्यांच्या खोलीला मेथीचा वास येतो. गुडघ्यासाठी मेथीची पूड घेतात, त्याचा वास, असं मी धरून चालले होते. माणूस किती गोष्टी अशा धरून चालतो ते मला त्या दुपारी कळलं.

मालिकेचं नाव ‘अठ्ठाईसवाँ नक्षत्र’. तेरा भाग, ब्याण्णव साली, रविवारी सकाळी. यान वाट चुकतं आणि सत्तावीस नक्षत्रांच्या पलीकडच्या एका ग्रहावर उतरतं, अशी गोष्ट. तेव्हा तिच्यावर जीव टाकणारी पोरं आता टक्कल पडून मोठ्या पगारावर बसली असतील, त्यांच्यासाठी हे ‘पडद्यामागच्या अकरा गोष्टी’ प्रकरण. पहिली गोष्ट, यानाचा दरवाजा सरकताना येणारा तो घूंऽ असा आवाज पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आहे. हे खरं. आमच्या बाजारात गाद्या भरणाऱ्याच्या दुकानासमोर मशीन धरून त्यांचा माणूस तासभर उभा होता. आपण अंतराळात गेलो हे त्या पिंजाऱ्याला मरेपर्यंत कळलं नाही. तिसरी गोष्ट, परग्रहाची तांबडी माती खास कोकणातून मागवली होती. साफ खोटं. बाजारामागच्या वीटभट्टीचा तो चुरा, दोन ट्रॅक्टर भरून किल्ल्यात ओतला होता. आमची काळी माती त्यांना दुसऱ्या ग्रहाची वाटेना. पाचवी गोष्ट, परग्रहावरची माणसं पाऊल चाचपत, तरंगत चालतात ती कल्पना दिग्दर्शकाची, आणि तिच्यावर म्हणे पुढं कुणीतरी प्रबंध लिहिला. मला हसू आलं. मुखवट्यांची भोकं डोळ्यांसमोर येत नव्हती हो! भोकं कपाळावर आणि डोळ्यांसमोर पुठ्ठा. माणसं पुढच्या दगडाचा अंदाज पायानं घेत होती. दिग्दर्शकानं ते बघितलं आणि टाळी वाजवली, म्हणाला असंच चाला. आंधळ्यांची रांग आणि त्याचा प्रबंध.

हसू ओठावर असतानाच सातवी गोष्ट सुरू झाली. परंड्याच्या किल्ल्यातल्या प्रसंगासाठी मुंबईहून चाळीस मुखवटे आणले होते. गावातली चाळीस माणसं घेतली होती, हा घ्या पुरावा, म्हणून माझा कागद. आणि आता मोजा, असं म्हणून त्यानं चित्र थांबवलं आणि एकेका चंदेरी डोक्यावर आकडा उमटवत गेला. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मग थोडा थांबला. मग डाव्या कडेला, बाकीच्यांपासून चार हात लांब उभ्या असलेल्या एकाच्या डोक्यावर लाल आकडा आला. एक्केचाळीस. खाली लोकांनी लिहिलं होतं, किल्ल्यातलं भूत, जुना किल्लेदार, कुणी हात जोडले होते, कुणी दात काढले होते. मी फोन पालथा टेबलावर ठेवला.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत मी एकोणीस वर्षांची होते. शूटिंगची माणसं शाळेच्या वर्गांत उतरली होती. मास्तरांच्या मुलीचं अक्षर चांगलं म्हणून दारावर माणसं टिपून घ्यायचं काम मला मिळालं. अण्णांनी मला परवानगी दिली, कारण ते लिहिण्याचं काम होतं. माझा भाऊ गुरुप्रसाद, मी त्याला दादा म्हणायची, तेवीस वर्षांचा होता, चित्रं काढायचा, गणपतीची आरास करायचा, आणि त्याला मुंबईला जायचं होतं. अण्णा त्याला एवढंच म्हणाले, की मास्तराच्या मुलानं तोंडाला चंदेरी फासून गावासमोर नाचायचं नाही. आवाज न चढवता म्हणाले. दादानं मान खाली घातली आणि आठ दिवस माळ्यावर बसून स्वतःचा मुखवटा केला. कंपनीचे फुटके मुखवटे चिकटवून द्यायला त्याच्याकडं यायचे, त्यामुळं नमुना समोर होता. लगदा मात्र आईच्या पद्धतीचा. अण्णांच्या जुन्या उत्तरपत्रिका भिजवून, कुटून, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घालून आई टोपल्या करायची, तोच लगदा. वरून शेवटचा थर अख्ख्या कागदाच्या पट्ट्यांचा. हे मला माहीत होतं, आईलाही बहुतेक असावं. माळ्यावरून वास खाली यायचा.

त्या दिवशी दुपारी किल्ल्याच्या आतल्या दारापाशी मी कट्ट्यावर वही घेऊन बसले. माणसं मोजून आत सोडायला बंडप्पा होता. बंडप्पा आडत बाजारातला मापाडी. पोती मोजणारा माणूस माणसंही मोजील, या हिशेबानं त्याला धरला होता. शेजारी जनरेटर धडधडत होता. सगळे मुखवटे घालूनच रांगेत उभे होते, कारण एकदा घातलेला मुखवटा काढला की रंग जात होता. बंडप्पा प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि आकडा म्हणायचा, आणि मी रेघ ओढायची. आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. बंडप्पाचं आयुष्य मापावर गेलेलं, तो दुसरं काय म्हणणार? पण आमच्या घरी लाभाची रीत जराशी वेगळी होती. वाट्याची ज्वारी आली की आई पायलीनं मोजून घ्यायची. पहिलं माप लाभ म्हणून वेगळ्या सुपात, ते तुळजापूरच्या देवीचं. ते मोजायचं नाही, त्याच्यावर आपला हक्क नाही. पुढच्या मापापासून मी भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची. सात वर्षांची असल्यापासून ते काम माझं. लाभला हात उचलायचा नाही हे माझ्या बोटांनाच ठाऊक होतं. डोक्यापर्यंत ते कधी गेलंच नव्हतं.

रांगेतला पहिला पुढं आला. बंडप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, ‘लाभ!’ आणि तो पहिला जाता जाता वाकला आणि माझ्या वहीवर टिचकी मारून गेला, दोनदा. टक टक. मेथीचा वास आला. दादा दारावर, ताटावर, माझ्या डोक्यावर, जिथं तिथं अशी दोनदा टिचकी मारायचा. मी ओठ दाबून हसू आवरलं. पेन्सिल माझ्या हातात होती आणि ती कागदाला टेकलेली नव्हती. हे मला आता दिसतं. चौतीस वर्षं मला फक्त हसू आठवत होतं, पेन्सिल आठवत नव्हती.

सगळे आत गेल्यावर बंडप्पा घाम पुसत माझ्याजवळ आला होता. ‘किती झालं, बाई?’ मी गठ्ठे मोजून म्हटलं, ‘चाळीस.’ तो जरा थबकला. ‘माजं एक जास्त येतंय.’ मी वही त्याच्यासमोर धरली, त्याला वाचता येत नाही हे माहीत असून धरली. कॉलेजात जाणाऱ्या मुलीची मिजास! ‘बघा ना बंडप्पा, आठ पंचे चाळीस.’ त्यानं कागदाकडं नीट, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, ‘तुमचंच खरं. लिवलेल्यापुढं बोललेलं काय टिकतंय?’ आणि बिडी काढायला बाजूला झाला. हे त्याचं वाक्य मी गेल्या तीस वर्षांत अनेकदा लोकांना सांगितलं आहे, कोर्टातल्या टेबलावर, गंमत म्हणून. त्याच्या आधीचं वाक्य मी कधीच सांगितलं नाही. ते मला आठवतच नव्हतं, असं मी म्हणू शकते. पण ते कुठं गेलं नव्हतं. वही, कट्टा, वीटभट्टीच्या चुऱ्यानं लाल झालेल्या माझ्या चपला, सगळं जसंच्या तसं होतं, आणि त्याच्या मधोमध बंडप्पा उभा राहून सांगत होता की त्याचं एक जास्त येतंय.

दिवस मावळायला आल्यावर माणसं बाहेर पडली ती गर्दीनं, मुखवटे काढून, केस पुसत, एकमेकांना ढकलत. त्यांना कुणी मोजलं नाही. मुखवटे मोजले. कंपनीचे चाळीस होते, चाळीस पोत्यात गेले, मी खाली बरोबरची खूण केली आणि दार लागलं. गर्दीत दादा असणार. असणारच, चाळीस गेले, चाळीस आले, त्यात तो आला. दादाचा मुखवटा त्या चाळिसांतला नव्हताच, हा हिशेब मी केला नाही. स्वतःचा मुखवटा सदऱ्याखाली दडवून मागच्या गल्लीनं घरी गेला असेल. मी घरी आले तर तो नव्हता. अण्णांनी ओसरीवरून विचारलं, ‘शामे, प्रसाद तिकडं आला होता का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ मला तो बोलणी खाऊ नये असं वाटलं, बाकी काही नाही. अण्णा म्हणाले, ‘मग पानं वाढ.’ आणि मी चार पानं वाढली.

चौथं पान तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी आई रडायला लागली तेव्हा मी खरं सांगणार होते, पण अण्णांनीच तिला आत नेऊन सांगितलं, ‘काल सकाळी माझी आणि त्याची बाचाबाची झाली, मी त्याच्या थोबाडीत मारली, तो रागानं मुंबईला गेला असेल.’ मग माझ्या सांगण्याला अर्थ राहिला नाही. तो किल्ल्यात आला होता आणि किल्ल्यातून बाहेर पडला होता, माझ्या कागदावर होतं ते, मग पुढं कुर्डुवाडीची बस धरून गेला. थप्पड खाऊन गेला. मी अण्णांना ती थप्पड कधी माफ केली नाही. तोंडानं काही बोलले नाही, त्यांचं सगळं केलं, पथ्यपाणी, डोळ्यांचं ऑपरेशन, पण त्यांच्या हाताकडं बघितलं की मला ती दिसायची. आईनं तर मरताना त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. अण्णा तीनदा मुंबईला जाऊन आले. गावात कुणी विचारलं की म्हणायचे, माझंच चुकलं. आणि मी बसमध्ये, बाजारात, कोर्टाच्या व्हरांड्यात कुणा पुरुषानं लाकडावर बोट वाजवलं की मान वळवून बघायची. अजून बघते.

मी फोन पुन्हा सुलटा केला. त्या पोरानं आता ते चित्र मोठं केलं होतं. हा मुखवटा बाकीच्यांसारखा नाही, तो सांगत होता, याच्या कानाजवळ बघा, काहीतरी लिपी आहे, परग्रहाची लिपी! चंदेरी रंग जिथं पोचला नव्हता तिथं कागदाची एक पट्टी उघडी पडली होती. निळ्या आखीव ओळी, त्यांवर कुणाचं तरी गिचमिड लिहिलेलं, आणि त्याच्याखाली फिकट तांबडी बरोबरची खूण. अण्णांची बरोबरची खूण डावीकडं झुकलेली असते. मला रडू आलं नाही, मला भीती वाटली. पुढं त्यानं ते दृश्य अख्खं चालवलं. चाळीस जण पाऊल चाचपत कॅमेऱ्याकडं येतात. एक्केचाळिसावा जरा वेळ उभा राहतो, उजवा हात मांडीवर, बोट दोनदा हलतं. मग तो डावीकडं वळतो आणि पायानं जमीन चाचपत चौकटीच्या बाहेर जातो. तीन सेकंद. मी परत मागं नेलं. उभा राहतो, बोट हलतं, वळतो, जातो. त्या बाजूला काय आहे हे बघणाऱ्या लाखो लोकांतल्या कुणाला माहीत नसेल, मला माहीत होतं. बुरुजामागं पायऱ्यांची जुनी विहीर होती, कठडा पडलेला, घाणेरीनं तोंड झाकलेलं. लहानपणी आम्ही तिच्यात खडे टाकून आवाजाची वाट बघायचो. मी आणखी एकदा मागं नेलं. मला वाटत होतं की या खेपेला तो वळणार नाही, बाकीच्यांबरोबर सरळ येईल. वेड्यासारखं मी मोठ्यानं ‘दादा, इकडं’ म्हटलं. तो वळला आणि गेला.

आणि मग ब्याण्णवचा तो रविवार आठवला. शेजारच्यांची पोरं, बाया, सगळी आमच्या ओसरीवर जमली होती, कारण आपला किल्ला दिसणार होता. किल्ला आला, टाळ्या पडल्या, रांग चालायला लागली, आणि अण्णा एकदम उठून टीव्हीसमोर उभे राहिले. चित्र हलतंय म्हणून मागची वायर धरून उभे राहिले. पोरं ओरडली, मास्तर, सरका! ते सरकले नाहीत. चित्र हलत नव्हतं. मला त्यांचा राग आला होता. त्यांच्या धोतराशिवाय मला काही दिसलं नाही.

मी त्यांच्या खोलीत गेले. ते जागेच होते, खिडकीकडं तोंड करून पडलेले. खोलीत तो वास होता आणि आता मला तो गुडघ्याच्या पुडीचा वाटेना. ‘अण्णा,’ मी म्हटलं, ‘परंड्याचं एक चित्र आलंय.’ त्यांनी उठून बसायला हात मागितला, चष्मा लावला, फोन दोन्ही हातांत घेतला. रांग यायच्या आधीच त्यांचं बोट काचेच्या डाव्या कडेला जाऊन थांबलं होतं. त्याच जागी दादा उभा राहिला, वळला आणि गेला.

‘अजून तसाच जातो,’ अण्णा म्हणाले.

बाहेर कुणीतरी भंगार मागत गेलं. मी पलंगाच्या कडेला बसले. ‘तुम्हाला माहीत होतं?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘ट्रंक ओढ.’ पलंगाखालची ती ट्रंक मी अकरा वर्षं आठवड्यातून एकदा पुढं ओढून, खाली झाडून, परत मागं ढकललेली आहे. तिच्यात त्यांची पेन्शनची कागदं आहेत असं मी धरून चालले होते. कागदंच होती. वर पंचांग, खाली जुनं सोवळं, आणि सोवळ्यात गुंडाळलेला मुखवटा. चंदेरी रंग काळा पडला होता. मेथीचा वास एवढा आला की माळा, आई, सगळं एका दमात नाकात शिरलं. कानाजवळ निळ्या ओळी होत्या. दहापैकी सात, लाल शाईत.

अण्णा हळूहळू बोलत होते, वर्गात धडा सांगितल्यासारखे, मध्येच थांबून. ‘आठव्या दिवशी बंडप्पा आला. म्हणाला, मास्तर, माजं एक जास्त येत व्हतं, बाई चाळीस म्हनल्या म्हून म्या गप बसलो. आमी दोघं गेलो. तिसऱ्या पायरीवर होता हा. पडलेला नव्हे, ठेवलेला, नीट. बंडप्पानं गळ टाकला. तीन दिवस टाकला. दोन बादल्या निघाल्या आणि एक कळशी.’

‘आणि?’

‘आणि काही नाही. पाणी खोल होतं, खाली गाळ. काढून ठेवलाय म्हणजे पुढं बघून चालला असेल, असंही वाटायचं. म्हणून मुंबईला जायचो. असला तर असला.’

‘मला का नाही सांगितलं?’ हे मी जवळजवळ ओरडले. वर मैथिलीच्या चपला थांबल्या. अण्णांनी मुखवटा माझ्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला. ‘बंडप्पा म्हणाला, पोरीनं लिवलंय, मास्तर. तिला कळता कामा न्हाय. मी म्हटलं, बरोबर.’ मग माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘तू एकोणीस वर्षांची होतीस गं.’

‘आणि ती थप्पड?’

‘कुठली थप्पड?’ त्यांना खरंच क्षणभर आठवेना. ‘अगं, तुझ्या आईला काहीतरी सांगायला नको? आठव्या दिवसापर्यंत ते तात्पुरतं होतं. नंतर मग तेच चालू ठेवलं. मी घरात कुणावर हात उचललेला तुला आठवतोय का?’ मी आठवून बघितलं. त्यांच्या हातात खडू आठवला, माझा ताप बघणारा पालथा हात आठवला, तांबड्या शाईचं पेन आठवलं. ती थप्पड सोडून त्या हातानं मारलेलं मला काही आठवेना, आणि ती तर मी पाहिलीच नव्हती. आईनं त्यांच्या हातचं पाणी परत केलं तेव्हा मी शेजारी उभी होते. मी ते भांडं त्यांच्याकडून घेऊन स्वतः तिच्या तोंडाला लावलं होतं. मला इतकी लाज वाटली की मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि तेही माझ्यानं झालं नाही. एकतीस वर्षं मी लोकांच्या कागदांवर मुळाबरहुकूम म्हणून सह्या केल्या. मूळ माझ्याच घरात, अण्णांच्या पलंगाखाली होतं.

‘अण्णा, मी त्याला मोजलं नाही. बंडप्पा लाभ म्हणाला आणि मी रेघ ओढली नाही,’ मी म्हणाले. ते म्हणाले, ‘माहीत आहे. आईची सवय.’ पुन्हा खिडकीकडं बघत राहिले. उन्हं खाली आली होती आणि त्यांच्या मांडीवरच्या मुखवट्याच्या भोकांतून त्यांचं धोतर दिसत होतं. मग त्यांनी मान वळवली, आणि ज्या आवाजात ते ओसरीवरून बोलले होते, अगदी त्याच आवाजात विचारलं, ‘शामे, प्रसाद तिकडं आला होता का?’

त्यांना भ्रम झाला असं मला एक क्षण वाटलं. नव्हता झाला. डोळे स्वच्छ होते, आणि ते वाट बघत होते.

‘आला होता,’ मी म्हणाले. ‘सगळ्यांच्या आधी आला होता. माझ्या वहीवर टिचकी मारून गेला.’

त्यांनी मान डोलावली. ‘बरं,’ म्हणाले. ‘मग पानं वाढ.’

चार वाजले होते. ती काही जेवायची वेळ नव्हती. तरी मी उठले, डोळे पुसले, स्वयंपाकघरात जाऊन सकाळचा भात गरम करायला ठेवला. मैथिली वरून जिना उतरत होती आणि विचारत होती, ‘आई, कळलं का गं तो एक्केचाळिसावा कोण?’ तिला काय सांगायचं ते आता मला माहीत होतं. मांडणीवरून ताटं काढायला हात वर केला आणि पहिल्या ताटाला तोंडातून लाभ असं गेलं. आतल्या खोलीतून लगद्यावर टिचकी वाजल्याचा आवाज आला, दोनदा. अण्णाच असणार. मी ते पहिलं ताट बाजूला ठेवलं नाही. खाली मांडलं आणि त्यात भात वाढला.